भिंतीवर उरलेला छेद

ठाण्यातल्या चरईत, खारकर आळीत किंवा चेंदणीच्या दाटीत एखादे जुने घर पाडले, की काही दिवस त्याची आकृती शेजारच्या भिंतीवर उरते. कौलांची उतरती रेघ, तिच्याखाली माळ्याच्या तुळया जिथे भिंतीत शिरत होत्या ते चौकोनी खळगे, कोनाड्यातला निळसर चुना, चुलीमागचा काळा पट्टा, जिन्याच्या पायऱ्यांची दातेरी खूण. अगदी खाली, रंग जिथे संपतो तिथे जोत्याची पातळी. घर गेलेले असते आणि त्याचा उभा छेद भर वस्तीत, कोणालाही वाचता येईल असा उघडा पडलेला असतो. मग पत्र्यांचे कुंपण येते, हिरवी जाळी चढते आणि नवी इमारत वर येऊ लागली की ती भिंत कायमची झाकली जाते.

घराची चित्रे मुख्यतः तीन तऱ्हांची असतात. वरून पाहिलेला नकाशा, समोरून दिसणारी दर्शनी बाजू आणि फणस चिरावा तसे घर उभे चिरून दाखवणारा छेद. आपल्या बोलण्यात पहिल्या दोनच येतात. ‘टू बीएचके’ ही नकाशाची भाषा, ‘एलिव्हेशन छान आहे’ ही दर्शनी बाजूची. छेदाबद्दल सहसा कोणी बोलत नाही. पण उकाडा, ओल, उजेड, पावसाची झड, माळ्यावरची जागा, डोक्याला लागणारी तुळई हे सगळे छेदातच ठरते. ठाण्यातल्या साध्या, गवंडी आणि सुतारांनी बांधलेल्या घरांना छेद पुरता कळला होता. त्यांची मापे कागदावर मांडली, की हे पटते.

नेहमीचे एक घर घेऊ. काळ्या दगडाचे दोन फुटी जोते. त्यावर चुन्यात बांधलेल्या दीड विटेच्या, म्हणजे साधारण १४ इंची भिंती. ओटी आणि माजघर मिळून पुढून मागे २० फूट, लांबी ३० फूट. पुढे-मागे पडवी पाच फुटांची आणि जोत्याबाहेर आणखी एक फूट आलेली वळचण. म्हणजे भिंतीपासून पागोळीपर्यंत, जिथून छपराचे पाणी गळते त्या कडेपर्यंत, सहा फूट. पडवीच्या जमिनीपासून पागोळीची उंची साडेसहा फूट. आढे, म्हणजे छपराच्या माथ्याची तुळई, मधोमध. आढ्यापासून पागोळीपर्यंतचे आडवे अंतर झाले १६ फूट.

मंगळुरी कौलाला उतार किमान दोनास एक लागतो, म्हणजे दोन फूट आडवे गेले की एक फूट चढ. त्या हिशेबाने पागोळीपासून आढ्यापर्यंत आठ फूट चढ येतो आणि आढे साडेचौदा फुटांवर बसते. भिंतीपाशी, म्हणजे सहा फूट आत आल्यावर, वाशांची उंची साडेनऊ फूट. साडेआठ फुटांवर कडीपाट (माळ्याचा लाकडी तळ) टाकला तर खाली मोकळी खोली मिळते आणि वर आढ्याखाली सहा फूट उंचीचा माळा. मधोमध माणूस उभा राहतो, कडेला पिंपे, गाद्या, लोणच्याच्या बरण्या. दुपारी कौले तापतात, ती धग माळ्यावरच्या हवेत अडकते, सांध्यांतून बाहेर पडते आणि खालच्या खोलीपर्यंत फारच थोडी उतरते. एका उताराच्या निर्णयातून माळा, गारवा आणि पाण्याचा निचरा या तिन्ही गोष्टी निघाल्या. उतार वाढवून ३० अंश केला तर आढे पावणेसोळा फुटांवर जाते, लाकूड जास्त लागते, पण पाणी झपाट्याने उतरते. उतार कमी केला, तर वाऱ्याच्या झोताने पाणी कौलाच्या जोडातून मागे ढकलले जाते आणि रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) कुजतात.

आता याच छेदात सूर्य बसवून पाहावा. ठाणे १९ अंश १२ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे. वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, २२ डिसेंबरच्या आसपास, मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो. साडेसहा फूट उंच आणि भिंतीपासून सहा फूट बाहेर असलेल्या पागोळीवरून ४७ अंशांची रेघ ओढली, तर ती पडवीची जमीन ओलांडून बरोबर भिंतीच्या पायथ्याशी येऊन थांबते. म्हणजे दक्षिणमुखी घरात थंडीतल्या मध्यान्हीचे ऊन सबंध पडवीभर पसरते आणि भिंतीला टेकते. त्याच दिवशी सकाळी नवाच्या सुमारास ते भिंतीवर दीड फूट चढते. पाठीला हवेहवेसे वाटणारे कोवळे ऊन ते हेच. मार्चपासून सप्टेंबरपर्यंत मध्यान्हीचे ऊन पडवीत फार तर दोनेक फूट आत येते. मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी सूर्य ठाण्यात थेट डोक्यावर येतो. या दोन तारखांच्या मधल्या काळात तो चक्क उत्तरेला असतो, त्यामुळे ‘उत्तरेला छज्जा कशाला’ हे म्हणणे आपल्याकडे खरे नाही.

पश्चिमेची बाजू अवघड. मेच्या मध्याला, सौर वेळेनुसार (सूर्य माथ्यावर येतो तेव्हा बारा धरून) दुपारी चारला, सूर्य पश्चिमेच्या किंचित उत्तरेला, जेमतेम ३४ अंशांवर उतरलेला असतो. पडवी आणि वळचण मिळून सहा फूट असतील तर भिंतीचा फक्त खालचा अडीच फुटांचा पट्टा तापतो. आजच्या फ्लॅटमध्ये चार फूट उंच खिडकीवर दीड फुटी छज्जा असतो. त्याच वेळी तो खिडकीचा वरचा एक फूट झाकतो आणि उरलेले तीन फूट ऊन थेट पलंगावर येते. म्हणून पश्चिमेला आडवा छज्जा वाढवून फारसे साधत नाही. तिथे उभे आडोसे, जाळी, झडपांचे दार किंवा खोल गॅलरी हवी.

पावसाचा हिशेब याहून सोपा आणि जास्त निर्दय आहे. वर घेतलेल्या घराच्या एका पाख्याचे, म्हणजे छपराच्या एका उताराचे, आडवे क्षेत्र ४८० चौरस फूट, म्हणजे जवळपास ४५ चौरस मीटर. दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि आपल्याकडे तो वर्षातून अनेकदा होतो, तर एका पाख्यावरून साडेचार हजार लिटर पाणी उतरते. पन्हळ नसेल तर ते सगळे पागोळीच्या एका रेघेवर कोसळते. म्हणून त्या रेघेखाली दगडी पट्टी किंवा उथळ चर असायचा, जोत्यापासून फूटभर दूर. पाणी आपटून उडते ते साधारण फूट-दीड फूट. दोन फुटी दगडी जोते असे मापून ठेवलेले असते, की उडणारे थेंब दगडाला लागावेत, विटेला नाही.

ही मापे एकमेकांत अडकलेली आहेत, हे विसरले की बिघाड सुरू होतो. कौले काढून पत्रे घातले जातात. पत्र्याला दहा अंशांचा उतार पुरतो, पण तेवढ्याच उतारात आतली उंची कमी पडते, म्हणून पागोळी साडेसहावरून नऊ फुटांवर उचलतात. अडीच फूट उंची मिळाली असे वाटते. प्रत्यक्षात मेच्या दुपारी भिंतीवर अडीच फुटांऐवजी पाच फूट ऊन चढते, आषाढाची झड पडवी ओलांडून ओटीत येते आणि माळा नाहीसा होतो. मग झड थांबवायला पडवीला ग्रिल आणि सरकत्या काचा बसवतात. त्याने माजघराचा उजेड जातो. प्रत्येक दुरुस्ती पुढच्या दुरुस्तीला बोलावणे धाडते.

दुसरी चूक ओझ्याची. रिपांसह मंगळुरी कौलांचे छप्पर चौरस मीटरला साधारण ६५ किलो भरते. पाच इंची आरसीसी स्लॅब त्याच जागेवर ३१० किलोंच्या वर जातो, आणि त्यावर ब्रिकबॅट कोबा (गळती रोखायला विटांच्या तुकड्यांचा थर) घातला की आणखी भर. जुन्या चुन्याच्या भिंतीवर थेट स्लॅब टाकणाऱ्याने पाया न पाहता ओझे पाचपट केलेले असते. भिंत लगेच बोलत नाही. दोन-तीन पावसाळ्यांनंतर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते.

तिसरी चूक सिमेंटच्या गिलाव्याची, आणि ती सर्वांत चांगल्या हेतूने होते. जमिनीतली ओल जुन्या भिंतीत दोन-तीन फूट चढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर उडून जाते. भिंत श्वास घेते, असे गवंडी म्हणतात ते हेच. खालचा पट्टा पोपडे धरतो म्हणून तिथे सिमेंटचा गिलावा मारला, की ओलीची वाट बंद होते. ती मग गिलाव्याच्या वरून, चार-पाच फुटांवर डोके काढते, आणि तोवर आतल्या विटा क्षारांनी भुसभुशीत झालेल्या असतात. दुरुस्ती चुन्यानेच करावी. चुना भिजवून निदान काही आठवडे मुरवलेला, एकास तीन वाळू, दोन थरांत, मधे वाळायला पुरेसे दिवस. घाईच्या कंत्राटात हे बसत नाही, म्हणून करारात आधीच लिहून घ्यावे.

मंगळुरी कौलांचा कारखाना बासेल मिशनने मंगळूरला १८६५ साली काढला. त्याआधी १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला रेल्वे आलेली होती. कोकणपट्टीत नळीची देशी कौले मागे पडत मंगळुरी पुढे आली, कारण प्रत्येक कौल सारख्या साच्यातले आणि एकमेकांत अडकणारे. चौरस मीटरला १५ च्या आसपास कौले पुरतात, रिपांमधले अंतर साडेबारा इंच. साच्यातून निघालेल्या त्या एका मापाने वाशांची आणि घराच्या खणांची लांबीही हळूहळू ठरवली. रिपांच्या अंतराच्या पटीत पाखे न बसले तर शेवटची ओळ कापावी लागते, आणि कापलेले कौल आधी गळते. आज संगणकावर ज्याला मोड्यूल आणि ग्रिड म्हणतात, तो विचार सुताराच्या पट्टीवर असा आधीच होता.

पुढे आरसीसी आले. नौपाडा, विष्णूनगर, भास्कर कॉलनी भागातल्या तळमजला अधिक दोन किंवा तीन मजल्यांच्या जुन्या इमारती मला फार प्रिय आहेत. उतरते छप्पर गेले, पण छेदाची समज पूर्ण गेली नव्हती. दहा फूट उंचीचे मजले, खिडकीवर झडपेचे व्हेंटिलेटर, पुढे खोल गॅलरी, जिन्याला सिमेंटची जाळी. त्यांचे नकाशे ट्रेसिंग पेपरवर शाईने काढलेले असत. रेघ चुकली की ब्लेडने खरडायची. फार खरडले की कागद फाटायचा, म्हणून रेघ मारण्याआधी विचार करावा लागे. छेदात जो भाग कापला गेला आहे त्याची रेघ जाड, मागे दिसणाऱ्याची बारीक, हा नियम हाताला लागलेला असे. आज कॅडमधून, म्हणजे संगणकावरच्या रेखाटनातून, सगळ्या रेघा एकाच जाडीने छापून येतात आणि छेद जाळ्यासारखा दिसतो. कापलेल्या भागाला ०.५ मिलिमीटर, मागच्या भागाला ०.२५, हॅचला (आतल्या भरणीच्या रेघांना) ०.१३ एवढे ठरवून दिले तरी तो कागद पुन्हा बोलायला लागतो.

छेदावर प्रेम असलेल्या आधुनिक वास्तुविशारदांत चार्ल्स कोरियांचे नाव आपल्या भागात घेतलेच पाहिजे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी अहमदाबादला बांधलेले ट्यूब हाउस म्हणजे जवळजवळ नुसता छेदच होता. तापलेली हवा उतरत्या छताच्या आतल्या बाजूने वर सरकते, माथ्यावरून निघून जाते आणि खालून ताजी हवा ओढून घेते. मुंबईचे कांचनजंगा, राहत्या घरांचा टॉवर, १९८३ साली पूर्ण झालेले, ८४ मीटर उंच. समुद्राचा देखावा पश्चिमेला, आणि ऊन-पाऊसही तिथूनच. कोरियांनी कोपऱ्यांत दोन मजली उंचीच्या बागा कोरल्या. जुन्या बंगल्याच्या व्हरांड्याने घराला जसे वेढलेले असते, तसेच ते. ठाण्याच्या पडवीची ती दूरची बहीण आहे.

बेलापूरचे आर्टिस्ट व्हिलेज तर हाकेच्या अंतरावर. १९८०च्या दशकात सिडकोसाठी आखलेली ही वस्ती आजही पाहण्यासारखी आहे. सात घरे एका छोट्या चौकाभोवती, सुमारे आठ मीटर बाय आठ मीटर. अशा तीन चौकांचा मिळून मोठा गट, त्याला त्याहून मोठे अंगण. भूखंड ४५ चौरस मीटरपासून सुरू होणारे. सगळ्यांत शहाणा निर्णय म्हणजे शेजारच्या घरांत सामाईक भिंत ठेवली नाही. भिंत स्वतःची असली की घर शेजाऱ्याला न विचारता वाढवता येते. आणि घरे वाढलीच. कित्येक ठिकाणी मूळ उतरती छपरे जाऊन दोन-तीन मजले उभे राहिले. काहींना हा आराखड्याचा पराभव वाटतो. मला वाटते, घर वाढणार हे गृहीत धरून आखलेल्या वस्तीत ते वाढले, हे आराखड्याप्रमाणेच झाले. हळहळ वाटते ती वेगळ्या गोष्टीची. वाढताना नकाशा वाढला, छेद मात्र कोणी आखून दिला नाही, आणि चौकातला वारा अडला.

यामागचे कारण पैशाच्या हिशेबात आहे. २०१६ च्या रेरा कायद्याने कार्पेट क्षेत्राची (घराच्या आत वापरता येणाऱ्या जागेची) व्याख्या पक्की केली आणि ग्राहकाला मोठे संरक्षण मिळाले, हे निर्विवाद. पण त्या व्याख्येत बाहेरच्या भिंती, गॅलरी आणि व्हरांडा धरले जात नाहीत. घराची किंमत ज्या आकड्यावर ठरते त्यात पडवीला जागा नाही, आणि उंचीला तर कोणताच चौरस फूट नाही. राष्ट्रीय इमारत संहिता राहत्या खोलीला किमान ९.५ चौरस मीटर क्षेत्र, २.४ मीटर रुंदी आणि २.७५ मीटर उंची मागते. ही किमान मापे आहेत. बाजारात मात्र किमान उंचीच बहुधा अंतिम होते. स्लॅबच्या खालच्या बाजूपर्यंत नऊ फूट, खिडकीचा माथा सात फुटांवर. वरच्या दोन फुटांत साचलेल्या गरम हवेला बाहेर जायला वाटच नाही. जुन्या व्हेंटिलेटरची झडप नेमकी तिथे होती.

खिडकीचेही तसेच. उष्ण-दमट हवेसाठी खोलीच्या क्षेत्राच्या सहाव्या भागाएवढी खिडकी असावी, असे संहिता सांगते. शंभर चौरस फुटांच्या खोलीला चार बाय चारची खिडकी दिली, की कागदावर ते जवळपास जुळते. पण ती दोन रुळांची सरकती असेल तर एका वेळी निम्मीच उघडते. वारा येतो तो आठ चौरस फुटांतून. बाहेर उघडणाऱ्या झडपांची खिडकी पूर्ण उघडते आणि रबरी पट्टी नीट असेल तर पावसातही जास्त घट्ट बसते. सरकत्या खिडकीच्या खालच्या रुळात पाणी साचते, बाहेरच्या बाजूची निचऱ्याची बारीक भोके सिलिकॉनने किंवा रंगाने बुजली की तेच पाणी आत येते. पावसाळ्याआधी ती भोके सुईने मोकळी करावीत, इतकी साधी गोष्ट असते.

जुने घर दुरुस्त करायचे असो किंवा पाडण्याआधी त्याची नोंद ठेवायची असो, पहिले काम माप. हे काम संगणकाच्या आधीचे आहे आणि संगणकानंतरही तेच राहिले आहे. सुरुवात पाण्याच्या नळीने. पारदर्शक अर्धा इंची नळीत पाणी भरून, बुडबुडे काढून, दोन्ही टोके उघडी ठेवून सबंध घरात एका पातळीची रेघ मारून घ्यायची, जमिनीपासून सुमारे मीटरभर उंच. आता लेझर लेव्हल मिळते, पण खोल्यांच्या कोपऱ्यांतून वळताना नळी अजूनही भरवशाची. प्रत्येक कोपऱ्यात त्या रेघेपासून खाली जमीन किती आणि वर तुळई किती, हे मोजायचे. जमीन कुठे खचली, तुळई कुठे झोल धरून आहे, ते आपोआप कळते.

खोल्यांची मापे सलग घ्यावीत. फीत एकदा कोपऱ्यात धरली की दाराची कड, खिडकीची कड, पुढचा कोपरा असे वाढते आकडे लिहायचे. तुकड्यातुकड्याने मोजले तर प्रत्येक तुकड्यात दोन-तीन सुतांची (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) चूक होते आणि तीस फुटांत ती इंचावर जाते. मग दोन्ही कर्ण. बारा बाय दहाच्या काटकोनी खोलीचा कर्ण १५ फूट ७ इंच आणि जवळपास ४ सूत येतो. दोन कर्णांत दोन इंचांचा फरक निघाला, तर खोली तिरपी आहे. ती सरळ करून काढण्याचा मोह टाळावा. तिरपेपणाचे कारण बहुधा बाहेर सापडते: जुनी गल्ली, शेजाऱ्याची हद्द, विहीर. भिंतींना ओळंबा लावून वर आणि खाली अंतर मोजावे. दीड विटेच्या भिंतीत मजल्याच्या उंचीला पाऊण-एक इंचाचा कल जुन्या घरांत दिसतो. तो बाहेरच्या बाजूला झुकलेला आणि वाढता असेल, तर माप थांबवून आधी टेकू लावावेत.

लाकूड पाहायचे ते टोकाशी. तुळई मधोमध ठणठणीत असते आणि भिंतीत शिरलेले टोक कुजलेले. हातोडीने हलके ठोकून आवाज ऐकावा, पेचकस टोचून पाहावा. तो अर्धा इंच सहज आत गेला तर त्या टोकाखाली लगेच आधार. पाया पाहण्यासाठी भिंतीलगत एकच तीन बाय तीनचा खड्डा, तोही पावसाळा सोडून. लांबलचक चर खणू नये, भिंत बसते.

फोनमधला लिडार (प्रकाशकिरणाने अंतर मोजणारे साधन) आणि फोटोंतून त्रिमिती नमुना करणारी सॉफ्टवेअर यांनी या कामात खरोखर भर घातली आहे. फोनच्या लिडारचा पल्ला पाच मीटरच्या आसपास, म्हणून खोली सावकाश, भिंतीच्या कडेने फिरून टिपावी आणि जिथून सुरुवात केली तिथेच परत येऊन संपवावी. तसे न केल्यास लांब पॅसेजमध्ये माप सरकते. आरसे झाकावेत, चकचकीत फरशीवर चादर टाकावी, नाहीतर जमिनीखाली आणखी एक खोली उगवते. फोटो घेताना प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा ७० टक्के भाग यावा. शेवटी फितीने घेतलेले एक लांब माप नमुन्याशी ताडून पाहावे. हा ताळा न करता पुढे गेलेले काम नंतर मुळापासून करावे लागते.

पण या मोजणीतून मिळालेल्या असंख्य बिंदूंचा ढग एकदा संगणकात आला, की जी गोष्ट पूर्वी दोन माणसांना शिडी घेऊन दिवसभर करावी लागे ती मिनिटांत होते. छेद. चार फुटांच्या उंचीवर दोन इंची आडवा काप घेतला की नकाशा, आणि हवा तिथे उभा काप घेतला की वाशांच्या झोलासकट, माळ्यासकट, जोत्यासकट सबंध घर. पाडलेल्या घराने शेजारच्या भिंतीवर ठेवलेली आकृती घर उभे असतानाच हाती येते. डिजिटल साधनांबद्दल मला जी काही कृतज्ञता वाटते ती मुख्यतः यासाठी. क्लाउडकम्पेअरसारखी मोफत सॉफ्टवेअर असा काप घेतात, त्यासाठी महागड्या परवान्याची गरज नाही.

या ढगावरून रेव्हिट किंवा आर्चीकॅड या सॉफ्टवेअरमध्ये इमारतीचा नमुना करताना भिंत म्हणजे दोन रेघा राहत नाहीत. तिला जाडी, थर, उंची आणि माल असतो. खिडकी हलवली की नकाशा, छेद आणि विटांचा हिशेब एकदम बदलतो. धोकाही तिथेच आहे. सॉफ्टवेअर रिकामी जागा ठेवू देत नाही. पाया दिसलेला नसला तरी काहीतरी आकडा भरावा लागतो, आणि सहा महिन्यांनी तो आकडा खरा मानून कोणी स्लॅब आखतो. म्हणून पाहिलेले आणि अंदाजाने भरलेले यांना वेगळे रंग द्यावेत. एककांचीही काळजी घ्यावी. फूट-इंचांत काढलेली फाइल मिलिमीटरच्या फाइलमध्ये आणताना इंच मिलिमीटर समजले गेले तर घर २५.४ पटींनी आक्रसते. तो घोटाळा निदान दिसतो. फोनवरून काढलेला जुन्या नकाशाचा फोटो खाली ठेवून त्यावर रेघा मारल्या तर कडेला दोन-तीन टक्के वाकडेपणा येतो, आणि तो दिसत नाही.

सूर्याचा अभ्यासही आता कोणालाही करता येतो, फक्त तीन गोष्टी स्वतः तपासाव्यात. नव्या फाइलमध्ये ठिकाण बहुधा परदेशातल्या शहराचे असते, ते बदलून ठाणे करावे. चित्राची वरची बाजू म्हणजे खरी उत्तर नव्हे, ती भूखंडावर पाहून फिरवावी. आणि वेळेचा पट्टा ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढचा द्यावा. आपली घड्याळे ८२.५ अंश पूर्व रेखांशावर चालतात आणि ठाणे ७३ अंशांच्या जवळ आहे, म्हणून इथे सूर्य माथ्यावर येतो तो बहुधा साडेबाराच्या आसपास किंवा नंतर. वर मेच्या दुपारी चारची जी सौर वेळ घेतली, ती घड्याळात साडेचारच्या पुढे जाते. घर घेताना किंवा बांधताना सुंदर रेंडर (संगणकाने रंगवलेले चित्र) दाखवले जाते, त्यातला उजेड कुठल्याही दिशेने आणता येतो. त्याऐवजी २२ डिसेंबरची सकाळ आणि दुपार, २१ मार्चची दुपार आणि मे मधली साडेचारची वेळ अशी चार साधी सावलीची चित्रे मागावीत. त्यासोबत मुख्य खोल्यांतून जाणारा एक छेद मागावा. त्यात स्लॅबची उंची, तुळईची उभी जाडी, खिडकीचा माथा, छज्जा आणि बाहेरच्या रस्त्याची पातळी लिहिलेली असावी.

रस्त्याच्या पातळीवर मी अडून बसतो, कारण जुन्या ठाण्यात तीच सर्वांत वेगाने बदलणारी रेघ आहे. डांबराचे थर, मग काँक्रीट, मग पेव्हर ब्लॉक. दोन फुटी जोते दहा-बारा वर्षांत फूटभर उरते. अंगणातही कोबा चढतो. उडणारे थेंब मग दगड ओलांडून विटेला लागतात आणि ओल ‘अचानक’ आली असे वाटते. छेदात ओटीची जमीन शून्य धरावी आणि रस्ता उणे किती, हे मोजून लिहावे.

आणि हे सगळे टिकवायचे कसे? सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या बदलतात, जुन्या फाइली उघडत नाहीत. नमुना आयएफसीमध्ये, रेखाटने डीएक्सएफ आणि पीडीएफमध्ये, बिंदूंचा ढग ई५७ मध्ये, अशा वेगवेगळ्या फाइल-प्रकारांतल्या प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. शिवाय एकास पन्नास प्रमाणात छेदाची एक जाड कागदावरची प्रत काढावी. तिच्या कोपऱ्यात उत्तर दिशा, माप घेतल्याची तारीख आणि त्या दिवशी रस्ता ओटीपेक्षा किती खाली होता, तो आकडा.